आधी नाव, मग ग्रह

बालकवी १३ ऑगस्ट १८९० चे. आचार्य अत्रे १३ ऑगस्ट १८९८ चे. श्रीदेवी १३ ऑगस्ट १९६३ ची. तिघांचाही रवी कर्क राशीच्या शेवटच्या अंशांत. एक निसर्गात हरवलेला कवी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेलेला. दुसरे सभा गाजवणारे, भांडणारे, पान पान भरून लिहिणारे आणि सत्तरीपर्यंत एका जागी न बसलेले. तिसरी चार वर्षांची असल्यापासून कॅमेऱ्यासमोर उभी. कर्क म्हणजे हळवेपणा म्हणावं तर बालकवी बरोबर बसतात, अत्रे बाहेर राहतात. कर्क म्हणजे लोकप्रियता म्हणावं तर श्रीदेवी आणि अत्रे आत येतात, बालकवी बाहेर.

पण ज्योतिष जाणणारा माणूस इथे अडत नाही. तो म्हणतो, रवी एकटा काय करणार? बालकवींचा शनी सिंहेत, रवीच्या घरात, शत्रूकडे. अत्र्यांचा वृश्चिकेत. श्रीदेवीचा मकरेत, म्हणजे स्वगृही. चंद्र निराळे, लग्नं (जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास) निराळी, महादशा निराळ्या. त्याचं म्हणणं त्याच्या शास्त्राच्या हिशेबानं बरोबरच असतं. नऊ ग्रह, बारा राशी, बारा स्थानं, सत्तावीस नक्षत्रं, त्यावर दृष्टी, युती, नवमांश, दशा-अंतर्दशा. इतक्या खुंट्या भिंतीत ठोकलेल्या असल्यावर कुठलाही सदरा जमिनीवर पडत नाही.

मला हे माहीत आहे आणि तरीही मला थोरामोठ्यांच्या कुंडल्या वाचायला फार आवडतं. भविष्यावर विश्वास नाही. लग्नाच्या वेळी माझी पत्रिका कुणाला दाखवू दिली नव्हती, त्यावरून घरात महिनाभर अबोला होता. आवड लागली ती मामामुळे. मामा बँकेत होता, ज्योतिष हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. पैसे कधी घेतले नाहीत, लोकांच्या पत्रिकाही फारशा पाहिल्या नाहीत, कारण लोक रडतात असं तो म्हणायचा. त्याच्याकडे लाल कापडी बांधणीच्या वह्या होत्या आणि त्यांत नटनट्या, लेखक, गवई, क्रिकेटर यांच्या कुंडल्या. चौकोन, त्याचे कर्ण, मध्ये लग्नाचं घर, आकडे शाईच्या पेनानं आणि ग्रहांची आद्याक्षरं लाल पेन्सिलीनं. माहिती दिवाळी अंकांतून, वर्तमानपत्रांतल्या मृत्युलेखांतून, चरित्रांतून. वेळ मिळाली नाही तर चंद्रकुंडली मांडायची, चंद्राचीही खात्री नसेल तर रवी ज्या राशीत तीच पहिली धरायची. अशा पानांवर कोपऱ्यात ‘वेळ नाही’ असं लिहिलेलं असे, आणि वहीत अशीच पानं जास्त.

थोरामोठ्यांच्या कुंडल्यांची पहिली अडचण हीच, की थोर माणसं जन्मतात तेव्हा थोर नसतात. घड्याळ बघायला कुणाला सुचत नाही. जुन्या घरांत जोशीबुवा सूर्योदयापासूनच्या घटी-पळांत वेळ मांडून ठेवत, ते एक बरं. पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे वाढदिवस १ जूनला येतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं वर्ष धरलं आणि तारीख सोयीची टाकली. नटनट्यांचं आणखी वेगळं. तिथे जन्मसाल हा धंद्याचा भाग असतो.

आणि समजा वेळ मिळाली, तरी ती कुठल्या घड्याळातली? हा प्रश्न मला मामाच्या सगळ्या ग्रहांपेक्षा जास्त रंजक वाटतो. हिंदुस्थानात १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईनं ती मनापासून घेतली नाही. ‘मुंबई टाइम’ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे चालायचा आणि तो शहरात १९५५ पर्यंत रेंगाळला. रेल्वेचं घड्याळ एक सांगायचं, गावातलं दुसरं. म्हणजे १९१९ साली मुंबईत जन्मलेल्या मुलाची वेळ घरच्यांनी ‘पावणेसहा’ अशी लिहून ठेवली असेल, तर आधी त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ कुणाचं ऐकत होतं ते शोधायला हवं. एकोणचाळीस मिनिटांत लग्न साधारण दहा अंश सरकतं. राशीच्या काठावर असेल तर मेषेचा माणूस वृषभेचा होतो. नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, तर तेरा-साडेतेरा मिनिटांत बदलतो, त्यामुळे तिथे बोलायलाच नको.

त्यात दुसरं महायुद्ध. १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत देशभरातली घड्याळं तासभर पुढे होती. तनुजा मुंबईची आणि २३ सप्टेंबर १९४३ ची. तिची वेळ हाती लागली तर मुंबई टाइम धरायचा, प्रमाणवेळ धरायची, की युद्धाचा तास वजा करायचा? मामानं तिच्या तीन कुंडल्या मांडल्या होत्या, तीन वेगळी लग्नं घेऊन. मी विचारलं, यातली खरी कुठली? तो म्हणाला, ‘सिनेमे बघून ठरव.’ तेव्हा मी हसले होते. पण सगळ्या खेळाचं मर्म त्या उत्तरात होतं. वेळ अंधुक असली की ज्योतिषी आयुष्यातल्या घटनांवरून लग्न पक्कं करतो. त्याला ते जन्मवेळेची शुद्धी म्हणतात. म्हणजे आयुष्यावरून कुंडली ठरवायची आणि मग त्या कुंडलीवरून आयुष्य सांगायचं.

युद्धाच्या त्या तासात जन्मलेलं सगळ्यांत मोठं नाव अमिताभ बच्चन. सगळीकडे छापली जाते ती कुंडली ११ ऑक्टोबर १९४२, अलाहाबाद, दुपारी चारची. कुंभ लग्न, लग्नी केतू. चतुर्थात वृषभेचा शनी. षष्ठात कर्केचा, म्हणजे उच्चीचा, सगळ्यांत बलवान गुरू. सप्तमात राहू, नवमात तुळेचा चंद्र. आणि अष्टमात, कन्येत, रवी, मंगळ, बुध, शुक्र असे चार ग्रह एकदम. अष्टम म्हणजे मृत्युस्थान. हीच पत्रिका नाव झाकून एखाद्या मुलीच्या घरी स्थळ म्हणून गेली असती, तर आजीनं चष्मा लावून पाहिली असती आणि परत पाठवली असती. शुक्र नीचेचा, म्हणजे सगळ्यांत दुबळा, तोही अष्टमात, आणि वर मुलाला मंगळ!

नाव उघडं असलं की मात्र याच अष्टमाचं सोनं होतं. पहिला वाचक थेट २६ जुलै १९८२ वर जातो. बंगळूरला चित्रीकरणात पोटाला लागलेला मार, इस्पितळ, देशभर चाललेल्या प्रार्थना. मृत्युस्थानात चार ग्रह, आणि मृत्यूच्या दारातून परत आलेला माणूस. यापेक्षा काय पुरावा हवा? दुसऱ्याला हे ढोबळ वाटतं. तो म्हणतो, नीचेच्या शुक्राशेजारी उच्चीचा बुध बसलाय, हा नीचभंग राजयोग आहे. हा माणूस आधी पडणार आणि पडल्यावरच उठणार. नव्वदीच्या अखेरीस कंपनी बुडून डोक्यावर कर्ज झालं ते बघा, आणि ३ जुलै २००० ला दूरचित्रवाणीवर प्रश्न विचारायला बसल्यावर काय झालं ते बघा. मामा तिसरा. त्याच्या मते अष्टम म्हणजे वारसा. अपघात आणि कर्ज कुणालाही होतं, पण हरिवंशराय बच्चन सगळ्यांचे वडील नसतात. हा नट मुळात कवीच्या घरातून भाषा घेऊन आलेला आहे, तो आवाज लावतो तेव्हा वडिलांचं हिंदी बोलतं, आणि लोक ज्याला आवाज म्हणतात तो अर्धा वारसा आहे.

तिघांसमोर तेच चार ग्रह. फरक ग्रहांत नाही, अमिताभ बच्चन म्हणजे काय याच्या मतात आहे. एकाला तो वाचलेला माणूस दिसतो, एकाला उठलेला, एकाला कवीचा मुलगा. मला तिसरं पटतं, आणि ते पटायला मला कुंभ लग्न लागत नाही. पण कुंडली मधे नसती तर मामा हे वाक्य बोलला असता का, याची मला शंका आहे. अष्टमात चार ग्रह आहेत म्हटल्यावर काहीतरी म्हणणं भाग पडलं, म्हणून त्यानं एवढा विचार केला. प्रसिद्ध माणसाच्या कुंडलीवरून त्या माणसाविषयी काही कळतं असं मला वाटत नाही. पण ती वाचणाऱ्याला एका कोपऱ्यात धरते आणि विचारते, या आयुष्यात मुख्य काय होतं, बोल.

मराठी समीक्षेत हा प्रश्न इतका रोखठोक फार कमी वेळा विचारला जातो. आपल्याकडे लेखकावर लिहायचं म्हणजे जन्मगाव, शिक्षण, पुस्तकं, पुरस्कार.

नीच रवीचंही असंच. रवी साधारण १७ ऑक्टोबरला तुळेत शिरतो आणि १६ नोव्हेंबरच्या सुमारास बाहेर पडतो. तूळ ही त्याची नीच रास. रवी म्हणजे आत्मा, मान, राजाची मेहेरनजर. त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे जन्मलेल्या मुलांबद्दल जोशीबुवा जरा खाकरून बोलतात. या महिन्यात कोण कोण आहे ते बघावं. पृथ्वीराज कपूर, ३ नोव्हेंबर १९०६. पु. ल. देशपांडे, ८ नोव्हेंबर १९१९. कमल हासन, ७ नोव्हेंबर १९५४. शाहरुख खान, २ नोव्हेंबर १९६५. नीच रवीनं असे लोक दिले, तर उच्चीच्या रवीला तोंड लपवायला जागा नाही. यावरही उत्तर तयार असतं: नीचेचा रवी माणसाला राजापेक्षा लोकांकडे नेतो, टाळ्या लोकांच्याच असतात. ऐकायला छान. पु.लंच्या बाबतीत तर मान डोलवावीशी वाटते.

महिन्याच्या दोन्ही उंबरठ्यांवर मात्र दोन अशी माणसं उभी आहेत, की मामाची लाल पेन्सिल तिथे थबकायची. स्मिता पाटील १७ ऑक्टोबर १९५५ ची. डॉ. श्रीराम लागू १६ नोव्हेंबर १९२७ चे. दोघांचाही रवी अगदी काठावर. सकाळी जन्म की संध्याकाळी, यावर त्याची रास बदलणार. शिवाय पंचांग कुठलं? राशिचक्राची सुरुवात कुठून मोजायची यावरून आपल्याकडे चैत्रपक्ष आणि रैवतपक्ष हा जुना वाद आहे. टिळक पंचांगाचं अयनांश, म्हणजे त्या मोजणीतली वजावट, बाकीच्यांपेक्षा सुमारे चार अंशांनी कमी. त्या हिशेबानं लागूंचा रवी केव्हाच वृश्चिकेत गेला आणि स्मिताचाही तुळेत पक्का झाला. मग लागू नीच रवीचे की नाही, हे लोकमान्यांना विचारायचं की सरकारच्या पंचांग सुधारणा समितीला? डॉ. लागू यावर काय म्हणाले असते ते सांगायला नको. ज्या माणसानं देवालाच निवृत्त करा म्हणून जाहीर सांगितलं, तो रवीची चौकशी करत बसणार नव्हता.

तपासून बघणारे लोकही झाले, आणि त्यांतला एक तर नट आणि लेखक यांच्याही मागे लागला. मिशेल गोकलाँ हा फ्रेंच. फ्रान्समध्ये जन्मनोंदणीत वेळ लिहायची पद्धत असल्यामुळे त्याला हजारो नामवंतांच्या वेळा सरकारी दप्तरातून मिळाल्या. १९५५ साली त्यानं निष्कर्ष छापले. राशींमध्ये त्याला काही सापडलं नाही. सापडलं ते एवढंच, की नामवंत नटांच्या जन्मावेळी गुरू आणि लेखकांच्या जन्मावेळी चंद्र, नुकता उगवलेला किंवा नुकताच माथ्यावरून कललेला असण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा थोडं जास्त. हेही पुढे माणसं कशी निवडली यावरून वादात अडकलं, ते अडकूनच राहिलं. मला गंमत वाटते ती वेगळीच. नुकता उगवलेला ग्रह म्हणजे आपल्या भाषेत बाराव्या स्थानातला ग्रह. व्ययस्थान, खर्चाचं घर! आपल्याकडे नटाला शुक्र, लेखकाला बुध, आणि ते केंद्रात नाहीतर त्रिकोणात, म्हणजे चांगल्या स्थानांत हवेत. गोकलाँचे असे मोठे नट आपल्या ज्योतिषानं खर्चात टाकले असते.

याच गोकलाँनं एका कुप्रसिद्ध खुनी डॉक्टरचा, मार्सेल पेत्योचा, जन्मतपशील देऊन पत्रिकेचा अहवाल बनवून घेतला आणि जाहिरातीला उत्तर देणाऱ्या दीडशे लोकांना ‘ही तुमची पत्रिका’ म्हणून पाठवला. उलट कळवणाऱ्यांपैकी ९४ टक्के लोकांना तो आपल्याला लागू पडतो असं वाटलं. पेत्यो १९४६ मध्ये गिलोटिनवर गेला होता. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी पुण्यात चाचणी घेतली ती अधिक साधी. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस, कुठली कुणाची ते ओळखा. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली ४६ टक्के. मामानं ही बातमी कापून वहीत चिकटवली होती, पुढच्या पानावर नारळीकरांची कुंडली मांडून. १९ जुलै १९३८, कोल्हापूर. त्याच वहीत २० ऑगस्ट २०१३ या तारखेखाली दोन नावं आहेत, नरेंद्र दाभोलकर आणि ‘कालनिर्णय’चे जयंतराव साळगावकर. एकाला त्या सकाळी पुण्यात गोळ्या घालून मारलं, दुसरे त्याच दिवशी मुंबईत वारले. त्या पानावर मामानं कुठलाही ग्रह लिहिलेला नाही.

नाव झाकायचा खेळ आम्ही घरीही खेळलो. मामाचे एक मित्र, पत्रिकेचे पक्के जाणकार, रविवारी चहाला यायचे. मी त्यांच्यासमोर एक पान ठेवलं, वरची ओळ वहीच्या पुठ्ठ्याखाली दडपून. १० जुलै १९२३. वेळ नाही, म्हणून रवीवरून मांडलेली. रवी मिथुनेत, शनी कन्येत, गुरू तुळेत. काकांनी बराच वेळ पाहिलं. मिथुन म्हणजे बुधाचं घर, शनीही बुधाच्याच घरात. बोलका माणूस, ते म्हणाले. चार लोकांत रमणारा, गप्पिष्ट, दलालीत किंवा विक्रीत चांगला चालेल, घरी सतत माणसांचा राबता. मी पुठ्ठा उचलला. जी. ए. कुलकर्णी.

मामा खो खो हसला. धारवाडला इंग्रजी शिकवणारा, काळ्या चष्म्याआड राहणारा, सभा-संमेलनांच्या वाऱ्याला उभा न राहणारा माणूस आणि दलाली! मला वाटलं, काका आता वेळ नाही, लग्न नाही म्हणून सुटका करून घेतील. त्यांनी तसं केलं नाही. चहा संपवला, पान परत ओढलं आणि म्हणाले, ‘पत्रं किती लिहिली हो यांनी?’

आम्ही दोघंही गप्प झालो. जी.एंच्या पत्रांचे खंड निघाले आहेत. ज्यांना ते क्वचितच भेटले त्यांना त्यांनी पानंच्या पानं लिहिली. खाणं, सिनेमा, पुस्तकं, विड्या, चित्रं, चहाड्या, स्वतःची टिंगल. कथा वाचून जो माणूस डोळ्यांसमोर येतो तो दगडी, नियतीशी झुंजणारा. पत्रांतला माणूस इतका बडबडा आहे की त्याला आवरा म्हणावंसं वाटतं. मी दोन्ही वाचलं होतं, पण जी.ए. म्हटलं की माझ्याही मनात काळा चष्माच यायचा. काकांनी मिथुनेचा मान राखण्यासाठी पळवाट शोधली हे उघड होतं. पण त्या पळवाटेनं जाऊन ते जी.एंच्या जास्त जवळ पोचले. त्या रात्री मी पत्रं पुन्हा काढली, आणि तेव्हापासून कथाही मला वेगळ्या ऐकू येतात. एखादा प्रवासी वाटेत भेटलेल्याशी संपूर्ण रात्र बोलत बसतो, ते बोलणं मी पूर्वी तत्त्वज्ञान म्हणून वाचायची. आता गप्पा म्हणूनही वाचते.

म्हणून हा खेळ नाव झाकून खेळण्यात मला फार अर्थ वाटत नाही. नाव झाकलं की ज्योतिष नापास होतं, हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय. नाव उघडं ठेवून वाचणाऱ्याचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. बहुतेकजण मृत्युलेखातलं वाक्य ग्रहांच्या भाषेत परत म्हणतात. शुक्र बलवान, म्हणून देखणी. बुधादित्य योग, म्हणजे रवी आणि बुध एका राशीत, म्हणून लेखक. बुध रवीपासून अठ्ठावीस अंशांपलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे हा योग जवळपास निम्म्या लोकांच्या पत्रिकेत असतो. माझ्या दूधवाल्याच्याही आहे. असं वाचन कंटाळवाणं असतं, खोटं असण्याआधीच कंटाळवाणं. काकांसारखा एखादाच अडल्यावर नवा प्रश्न विचारतो.

बहिणाबाईंचं पान मामाच्या वहीत नव्हतं. मी एकदा टोकलं, तर म्हणाला, त्या बाईंनी ज्योतिषाला दारात येऊ नको म्हणून सांगितलंय, मी कशाला जाऊ?

पु.लंच्या पानावर मात्र आम्ही अजून भांडतो. पु.ल. आणि सुनीताबाईंचं लग्न १२ जून १९४६ ला रत्नागिरीत झालं. पु.ल. गेले १२ जून २००० ला, लग्नाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी. मामाच्या मते याहून सरळ कुंडली दुसरी नाही, कारण सप्तमस्थान हे विवाहाचंही स्थान आणि मारकस्थानही. जोडीदार देणारं घर तेच, नेणारं घर तेच. हे ऐकल्यावर अंगावर काटा येतो, मीही नाही म्हणत नाही. पण ते लग्न नोंदणी पद्धतीचं होतं. मुहूर्त नाही, गुणमेलन नाही, सह्या केल्या आणि झालं. मी म्हटलं, ‘मामा, त्या दोघांनी ग्रहांना काही विचारलंच नव्हतं.’ तो म्हणाला, ‘विचारलं नव्हतं म्हणूनच तर पुरावा धडधडीत आहे.’ मी म्हटलं, मग मुंबई टाइम धरून तुझा सप्तमेश, म्हणजे सप्तमस्थानाचा मालक, कोण येतो आणि प्रमाणवेळ धरून कोण येतो ते आधी सांग. त्यानं दोन्ही मांडून बघितलं, बराच वेळ लावला, आणि मग मला म्हणाला, ‘सुनीताबाईंची जन्मवेळ कुठे मिळते का बघ.’